चौदा पायऱ्या आणि अकरा किलोमीटर

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. पन्नास वर्षं होत आली या धंद्याला, आणि त्यातले सात महिने सोडून बाकी सगळी एकाच जागी गेली: जिन्याखालचं चार फूट रुंद, सहा फूट लांब दुकान, पुढे काचेची पेटी, मागे खिळ्यांना टांगलेले पट्टे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. दुकान ते घर चौदा पायऱ्या. कुणी विचारलं तर बाबा ऐटीत सांगायचे, "ऑफिस खाली आहे." गल्लीतले लोक हसायचे, कारण त्या ऑफिसात दुसरा माणूस शिरायचा म्हटला तर पहिल्याला बाहेर यावं लागे.

बाबा भित्रे आहेत. मुलीने वडिलांबद्दल असं लिहू नये, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. लिफ्टला भितात, कुत्र्यांना भितात, सरकारी लिफाफा आला की आधी पाणी पितात आणि मग फोडतात. या सगळ्या भित्या आम्ही थट्टेवारी नेल्या. एकीची थट्टा मात्र घरात कुणी केली नाही. आईला दम्याचा विकार आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिला पहिला मोठा झटका आला, तेव्हा बाबा शेजारी बसून होते आणि त्यांना काहीही करता आलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचा जीव जो टांगणीला लागला तो लागलाच.

आमची गल्ली दमेकऱ्यासाठी नव्हतीच. समोर बेकरी, तिची धुराडी आमच्या खिडकीच्या उंचीवर. बाजूला गॅरेज, तिथे दिवसभर गाड्यांना रंगाची फवारणी. पण उजव्या हाताला, दुकानाला लागून, मेडिकल होतं. मेडिकलवाले काका बाबांच्याच वयाचे, कमी बोलणारे, नाकावर चष्मा आणि चष्म्यावरून नजर. आईला त्रास सुरू झाला की बाबा चौदा पायऱ्या उतरायचे, काका दम्याचा पंप पुढे करायचे, बाबा पुन्हा चौदा पायऱ्या चढायचे. मी एकदा मोजलं होतं. दीड मिनिटसुद्धा लागत नसे.

दुकानांना एवढं चिकटून राहिलं की घराला एक सवय लागते. आमच्याकडे कुठलीही गोष्ट दुसरी नसायची. काडेपेटी एक, साबण एक, चहाची पुडी एक. भाजी गॅसवर ठेवून आई मला मीठ आणायला पिटाळायची. माझ्या सासरी डबे भरलेले पाहून मला पहिल्यांदा वाटलं, हे लोक कसल्या संकटाची तयारी करतायत? आमची सगळी कपाटं खाली होती आणि त्यांवर दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या होत्या.

पंपसुद्धा एकच असायचा. आणि तो कधी संपत आला ते बाबा कानाने ठरवायचे. त्यांच्या कानाची गल्लीत ख्याती होती. गिऱ्हाइकाने घड्याळ दिलं की ते आधी उघडायचे नाहीत, कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "याला धाप लागलीय, तेल सुकलंय." नव्वद टक्के वेळा बरोबर निघायचं. तसाच ते आईचा पंप कानाशी धरून हलवायचे. आत खळखळ झाली की म्हणायचे, "आहे, भरपूर आहे."

दोन वर्षांपूर्वी आईचे झटके वाढले. छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि माझ्याकडे पाहून स्वच्छ सांगितलं, "या हवेत राहिल्या तर फुप्फुसं दर वर्षी थोडी थोडी हातची जाणार. गेलेली परत येत नाहीत. यांना इथून हलवा." बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र कामाला लागले. मी एका कचेरीत अभिलेख विभागात आहे. माझ्या हाताखाली कुठलीही गोष्ट तीन दिवसांपेक्षा जास्त पडून राहत नाही, आणि हा माझा गुण आहे असं मी तोवर समजत होते.

आत्याचं गावाबाहेर एक घर रिकामं होतं. तीन खोल्या, समोर अंगण, चहूकडे शेतं, हवा अशी की नाकाला नवल वाटावं. सर्वात जवळचं किराणा दुकान चार किलोमीटर. दवाखाना आणि मेडिकल बाजारगावात, अकरा किलोमीटर. बाबांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "अकरा?"

"बाबा, तिथे तिला त्रासच होणार नाही, मग मेडिकल लागेल कशाला?" मी म्हटलं.

"आणि झाला तर?"

"झाला तर, झाला तर! असं म्हणत बसलात तर ती इथेच गुदमरेल."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली घड्याळं खोक्यात भरायला घेतली. निघायच्या दिवशी टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मेडिकलवाले काका हातात कागदी पिशवी घेऊन दुकानातून बाहेर आले, "जरा थांब गं, एक सांगायचं होतं," म्हणाले. मी टेम्पोच्या पायरीवरून ओरडले, "काका, फोनवर बोलू!" आणि निघालो. फोनवर बोलायचं अर्थातच राहून गेलं.

गावाकडचे पहिले चार महिने आईचे होते. खरंच सांगते, मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. ती विहिरीपर्यंत चालत जायची, न थांबता परत यायची. दारापुढे घेवड्याचे वेल लावले. मी गेले की मला हात धरून बांधावरून फिरवायची, एकीकडे बोलायची, आणि बोलता बोलता तिला मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागायचं नाही. तिचं वाक्य सलग पूर्ण झालेलं ऐकायची मला सवयच नव्हती.

बाबांचं वेगळंच चाललं होतं. त्यांनी खिडकीशी टेबल मांडलं, जुनी गिऱ्हाइकं पार्सलने घड्याळं पाठवायची. पण कामात त्यांचं लक्ष नसे. शेजारी दूधवाली राहायची, बारा गाईंची मालकीण, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिचा टेम्पो रोज दूध घेऊन बाजारगावात जायचा. बाबा पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत जाऊन आले, घड्याळ हातात धरून. मला फोनवर सांगितलं, "पस्तीस मिनिटं. वाटेत गुरं आडवी आली तर बेचाळीस." मोबाइलला रेंज फक्त शेताच्या वरच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कठड्यापाशी यायची, म्हणून हा फोनही ते तिथे उभं राहून करत होते.

दूधवाली त्यांना चिडवायची. "घड्याळवाले, तुमच्याइतकी काळजी मी बारा गाईंची मिळून करत नाही." बाबा कसनुसं हसायचे. दोनदा मीठ संपून उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा कुठे त्यांनी कानाला खडा लावला आणि घरात डबे आले. मीठ दोन पुडे, काडेपेट्या सहा, मेणबत्त्या, सेल, चहा. पंप तेवढा एकच राहिला, तोच, गल्लीतून आणलेला. आई म्हणायची, "मला लागतोच कुठे." बाबा रोज सकाळी तो कानाशी धरून हलवायचे. खळखळ व्हायची.

पाचव्या महिन्यात कापणी झाली. पलीकडच्या शेतकऱ्याने एका दुपारी रानात राहिलेली खोडं पेटवली. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, की शुद्ध हवेच्या मुलखातही वर्षातून एकदा असा धूर निघतो. वारा घराच्या दिशेने होता. आई अंगणात शेंगा सोलत बसली होती. बाबांनी आतून तिचा खोकला ऐकला, आणि दुसऱ्या खोकल्यालाच ते ओळखून चुकले.

पुढचं मी दोघांकडून आणि दूधवालीकडून तुकड्यातुकड्याने ऐकलेलं आहे. बाबांनी तिला आत घेतलं, दारं-खिडक्या लावल्या, पंप दिला. तिने ओढला. फुस्स झालं. पुन्हा ओढला. पुन्हा फुस्स झालं. एरवी दोन मिनिटांत तिचे खांदे खाली यायचे. आज ते वर चढत चालले. बाबांनी पंप कानाशी धरला. खळखळ होत होती. त्यांना वाटलं, औषध आहे आणि तरी उतार पडत नाही, म्हणजे आता तिच्यावर औषधच चालत नाही. ते तिला तिसरा, चौथा, सहावा दाब देत राहिले, आणि तिचे ओठ काळे पडायला लागले.

मग त्यांना फोन आठवला. फोन करायचा तर तिला एकटं टाकून विहिरीपर्यंत पळायचं. बाबा मला नंतर म्हणाले, "दारात उभा होतो. एक पाय आत, एक पाय बाहेर. किती वेळ ते माहीत नाही." ज्या माणसाने जन्मभर मिनिटं दुरुस्त केली त्याला ते माहीत नव्हतं. शेवटी आईनेच हाताने जा म्हणून खुणावलं. ते अनवाणी पळाले, कापलेल्या शेतातून, खुंटांवरून.

पावणेचारला माझा फोन वाजला. मला फक्त धापा ऐकू आल्या. मला वाटलं आईच बोलतेय.

"पंप चालत नाही," बाबा म्हणाले. "आवाज येतोय पण चालत नाही. काय करू? सांग, काय करू?"

मी, जी सगळ्यांना सगळं सांगते, तिला काही सांगता येईना. आणि मला त्या क्षणी डॉक्टर आठवले नाहीत, नवरा आठवला नाही, आमच्या गल्लीतले मेडिकलवाले काका आठवले. एका फोनवर बाबांना धरून ठेवून मी शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून काकांना लावला.

काकांनी सगळं एका दमात ऐकून घेतलं. "त्याला सांग, पंप रिकामा आहे. औषध संपलं तरी आत वायू उरतो, तो वाजतो आणि फवारतोही. नुसती हवा देतोय तो तिला. तिला झोपवू नका. बसवा, पुढे झुकवा, हात गुडघ्यांवर. गाडी मिळेल ती घ्या आणि रस्त्याला लागा. आज बुधवार. आमच्या होलसेलवाल्याचा माणूस बुधवारी बाजारगावच्या मेडिकलमध्ये माल देतो. मी त्याला पंप घेऊन मोटरसायकलवर समोरून पाठवतो. अर्ध्या वाटेत भेटेल." मग क्षणभर थांबून म्हणाले, "मी त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो गं. इथे मी तारीख लिहून ठेवायचो. पाच आठवडे झाले की मीच नवा काढून द्यायचो. त्याला वाटायचं, तो कानाने ओळखतो."

मी हे बाबांना सांगितलं. शेवटचं सोडून. ते "बरं, बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर चाळीस मिनिटं मला काहीही कळलं नाही. त्या रस्त्यावर बाबांच्या फोनला रेंज येत नाही. मी अभिलेखाच्या खोलीत जाऊन दोन रॅकांच्या मधल्या बोळात उभी राहिले, कारण टेबलापाशी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दर मिनिटाला फोन लावत होते आणि दर मिनिटाला तीच बाई तेच सांगत होती, संपर्क होऊ शकत नाही. मी घाबरले होते, आणि नुसती घाबरले नव्हते. मीच तिला तिथे नेलं होतं. "मग मेडिकल लागेल कशाला" हे माझं वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू येत होतं. मनातल्या मनात तिच्या मरणाची बातमी दहा जणांना कळवूनसुद्धा झाली. आत्याला काय सांगायचं, कुठून सांगायला सुरुवात करायची, हेही ठरलं. अशा वेळी मन किती हलकटपणाने पुढे पळतं ते मला त्या दिवशी कळलं.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी अनोळखी नंबर आला. एक तरुण आवाज म्हणाला, "मॅडम, मी औषधांचा डिलिव्हरीवाला. बाईंना पंप दिलाय. सात-आठ वेळा दिला. आता त्या माझ्याकडे बघतायत."

"श्वास?"

"घेतायत मॅडम. आवाज फार येतोय, पण घेतायत."

मी खाली बसले, तिथेच फरशीवर, आणि ढसाढसा रडले.

दूधवालीने दुधाच्या किटल्या रस्त्यात उतरवून आईला टेम्पोत घातलं होतं. सहा किलोमीटरवर मोटरसायकल समोरून आली. बाजारगावच्या दवाखान्यात आईला वाफ दिली, रात्रभर ठेवून घेतलं. मी पोचले तेव्हा ती बसून चहा पीत होती आणि बाबा कोपऱ्यात स्टुलावर होते, दोन्ही तळपायांना पट्ट्या बांधून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मी तिला रिकामा पंप देत होतो."

मला वाटलं, आता हे परत जाऊ म्हणतील, आणि मी मुकाट्याने टेम्पो ठरवीन. पण आईने पुढाकार घेतला. "कशाला परत? कापणी वर्षातून एकदा. त्या आठवड्यात कुठेतरी जाऊ. पंप दोन ठेवू, तारीख लिहू. संपलं." मेडिकलवाल्या काकांनीही फोनवर हेच सांगितलं. इतकं सोपं होतं ते.

बाबांनी दोन नाही, सहा पंप आणले. एक उशाशी, एक गॅसपाशी, एक अंगणातल्या कोनाड्यात, एक विहिरीच्या कठड्यावर डब्यात, दोन स्वतःच्या खिशांत. प्रत्येकावर तारीख. मी खूश झाले. म्हटलं, झालं काम.

काम झालं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा बाबा एकाच जागी दिसले. त्यांनी टेबल खिडकीपासून हलवून आई जिथे असेल तिकडे तोंड करून खुर्ची मांडली होती. ती गॅसपाशी गेली की खुर्ची तिकडे. ती बांधावर निघाली की हे मागे दहा पावलांवर, पट्ट्या सुटलेल्या पण न भरलेल्या पायांनी. ते तिच्या छातीकडे बघत बसायचे. आईला नुसता ठसका लागला तरी त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. ती बिचारी खोकला आला की तोंडात पदर कोंबायची. तिला त्रास काही नव्हता. दोन महिन्यांत तिने सहापैकी एकाही पंपाला हात लावला नाही.

शेवटच्या खेपेला बाबांनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. "हे गल्लीतल्या त्या वकीलबाईंना परत नेऊन दे. म्हणावं, होत नाही." आत बायकांचं छोटं घड्याळ होतं, उघडलेलं. मी विचारलं, "काय होत नाही?" त्यांनी उत्तर म्हणून चिमटा उचलला आणि हात पुढे धरला. चिमट्याचं टोक थरथरत होतं, इतकं की ते पाहून मी नजर वळवली. पन्नास वर्षांत त्यांनी न दुरुस्त करता परत केलेलं ते पहिलं घड्याळ.

आई गॅसपाशी उभी राहून हे बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेता घेता, ती एकदम म्हणाली, "अहो, मला काही इथे करमत नाही."

बाबांनी मान वर केली.

"माणसं नाहीत, दुकानं नाहीत. सुईदोरा हवा तर चार किलोमीटर. दिवसभर बोलायचं कुणाशी, गाईंशी? मला आपली गल्ली बरी."

"पण डॉक्टर म्हणाले—" मी तोंड उघडलं.

"डॉक्टरांना राहायचंय का इथे?" आई माझ्यावर खेकसली. ती माझ्यावर कधी खेकसत नाही.

"मी म्हणतच होतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "अगं, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, हिला नाही करमायचं." आणि ते उठून सामान बांधायला लागले. मला आईचा राग आला. एवढी हवा, एवढी प्रकृती सुधारलेली, आणि हिला सुईदोरा हवा! परतीच्या टेम्पोत मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. बाबांचा हात तिसऱ्या आठवड्यात स्थिर झाला. वकीलबाईंचं घड्याळ त्यांनी स्वतः मागून आणलं आणि चालू करून दिलं. दुकानात ते शीळ घालतात, मेडिकलवाल्या काकांशी वाद घालतात, गिऱ्हाइकांना गावाकडच्या गमती सांगतात.

परवा मी गेले तर आई वर खिडकी लावून बसली होती. बेकरीचा धूर सुरू झाला होता. ती मला काही सांगत होती आणि दर चार शब्दांनंतर थांबत होती. मी पलंगाखालची पिशवी पाहिली. महिन्याभरात तीन पंप रिकामे झाले होते. डॉक्टरांचा नवा फोटोही तिथेच होता. मी तो उजेडाला धरला, जसा डॉक्टरांनी धरला होता. मला फोटोतलं काही कळत नाही, पण सोबतचा कागद मला वाचता येतो.

"तुला खरंच करमत नव्हतं तिथे?" मी विचारलं.

आई बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "वेडी आहेस का. तिथे मी... पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. पण माझा एकेक श्वास ते मोजत बसायचे. वाळून चालले होते. त्यांना गमावून... मी ती हवा खाऊन काय करू? माझ्यावर औषध आहे गं. त्यांच्या भीतीवर कुठल्या मेडिकलमध्ये काय मिळतं?"

तिने माझं मनगट घट्ट पकडलं. तिची बोटं गार होती. "त्यांना बोलू नकोस. कागद दाखवू नकोस."

मी तो कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला आणि खाली उतरले. बाबा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकले होते. माझी चाहूल लागली तशी त्यांनी भिंग काढलं आणि विचारलं, "काय म्हणते आई? बरं वाटतंय ना तिला?"

"हो," मी म्हटलं. "आता करमतंय म्हणाली."